नळीआधी काडतूस

प्रस्तावना

भारतीय आयुध निर्माणींनी नागरिकांसाठी बनवलेले .३२ बोअरचे पिस्तूल आणि .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर यांचे परवाने शेजारी ठेवले, तर बोअर म्हणून दोन्हींवर एकच आकडा दिसतो. काडतुसे मात्र निराळी असतात. पिस्तुलात ७.६५ × १७ मिलिमीटरचे आखूड काडतूस जाते. रिव्हॉल्व्हरला ७.६५ × २३ मिलिमीटरचे लांब, बुडाशी रुंद कड असलेले काडतूस लागते. दोन्ही नळ्यांचे भोक जवळजवळ सारखे, तरी एकाचे काडतूस दुसऱ्याच्या उपयोगाचे नाही. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचे कॅलिबर बदलणे हा या पुस्तकाचा विषय समजून घ्यायचा तर सुरुवात या फरकापासूनच करावी लागते. बोअरमुळे फक्त भोकाची रुंदी कळते. पुंगळीची लांबी, बुडाची जाडी, दारूचे प्रमाण, आत निर्माण होणारा दाब आणि गोळीचे वजन हे सारे काडतूस ठरवते. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे: पिस्तूल हे एका विशिष्ट काडतुसाभोवती उभारलेले यंत्र असते. म्हणून त्याचे कॅलिबर बदलणे म्हणजे दुसरे शस्त्र घडवणे होय, आणि त्याचा अधिकार, त्याची चाचणी व त्याची नोंद या तिन्ही गोष्टी नव्या शस्त्राइतक्याच काटेकोर असल्या पाहिजेत.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल स्वतःचे काम काडतुसाच्या ताकदीवर करून घेते. चाप ओढला की टोपीवर आघात होतो, दारू पेटते, वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि तोच दाब पुंगळीच्या बुडावर मागे रेटा देतो. या रेट्याने स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग दाबली जाते आणि परत येताना स्लाइड मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये लोटते. हे सारे सेकंदाच्या लहानशा अंशात घडते आणि प्रत्येक टप्प्याची वेळ आधीच्या टप्प्यावर अवलंबून असते. कमी ताकदीच्या काडतुसांसाठी स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढाच अडसर पुरतो. ९ × १९ सारख्या जोरकस काडतुसासाठी नळी आणि स्लाइड काही क्षण एकमेकांत अडकवून ठेवावी लागतात, कारण दाब उतरण्याआधी पुंगळी चेंबरबाहेर आली तर ती फाटते. हाताची बोटे आणि चेहरा त्या फाटण्यापासून काही इंचांवरच असतात. तेव्हा स्लाइडचे वस्तुमान, स्प्रिंग, अडसराची रचना, पुंगळी ओढणारा आकडा आणि मॅगझिनच्या ओठांचा कोन हे सगळे एकाच काडतुसाशी जुळवलेले असते. यातला एक भाग बदलला की उरलेल्या भागांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

मोठी गोळी म्हणजे मोठा धोका, हा या विषयातला सर्वांत पसरलेला गैरसमज. युरोपातील चाचणी-नियमांनुसार .४५ एसीपी काडतुसाचा कमाल दाब सुमारे १,३०० बार धरला जातो. त्याहून बारीक गोळीच्या ९ × १९ चा कमाल दाब २,३५० बार आहे. आपल्या परिचयाच्या .३२ एसीपीचा, म्हणजे वर आलेल्या ७.६५ × १७ चा, १,६०० बार. म्हणजे जाड गोळीचे काडतूस बारीक गोळीच्या काडतुसापेक्षा पोलादावर कमी ताण आणू शकते. भोकाकडे पाहून शस्त्राची सहनशक्ती ठरवणारा माणूस इथेच फसतो. शिवाय काडतुसांची नावेही फसवी असतात. .३८ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात सुमारे ९.०७ मिलिमीटर, म्हणजे .३५७ इंच व्यासाची असते. नाव जुन्या मापावरून पडले, माप पुढे बदलले आणि नाव तसेच राहिले.

केवळ नळी बदलून काम भागते अशी उदाहरणेही आहेत आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जर्मनीत गेऑर्ग लुगर यांनी घडवलेले पिस्तूल १९०० मध्ये स्विस सैन्याने ७.६५ × २१ काडतुसासाठी स्वीकारले. दोनएक वर्षांत लुगर यांनी त्याच पुंगळीचा निमुळता गळा रुंद करून ९ × १९ काडतूस तयार केले. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये नव्या काडतुसाचे पिस्तूल घेतले. दोन्ही काडतुसांचे बूड एकाच मापाचे, लांबी व ताकद जवळपासची, मॅगझिन तेच. त्यामुळे या पिस्तुलात नळी बदलली की बाकीचे यंत्र बिनतक्रार चालते. मात्र ही सोय नळीमुळे मिळालेली नाही. दुसरे काडतूस पहिल्याच्या पोटातून काढले होते, म्हणून ती मिळाली. यंत्र आधीपासूनच दोघांना ओळखत होते. अपवाद वाटणारे हे उदाहरण मूळ म्हणणे पक्के करते: काडतुसे सख्खी असतील तेवढ्यापुरतीच नळीची अदलाबदल निर्धोक असते.

याच्या उलट उदाहरण ब्राउनिंग हाय-पॉवरचे. १९३५ मध्ये बेल्जियममध्ये बाजारात आलेल्या या पिस्तुलाची नक्कल आपल्या देशात ईशापूरच्या रायफल कारखान्यात ९ मिलिमीटर १-ए या नावाने बनत आली आणि भारतीय सैन्याने व पोलिसांनी ती दीर्घकाळ वापरली. १९९० मध्ये अमेरिकेत .४० स्मिथ अँड वेसन हे काडतूस आले आणि त्याला मागणी वाढली, तेव्हा मूळ बेल्जियन कारखान्याने हाय-पॉवर त्या काडतुसासाठी उपलब्ध करून दिले. बाहेरून पाहणाऱ्याला नळीचे भोक दहा मिलिमीटरपर्यंत वाढले एवढेच दिसले असते. कारखान्याला मात्र स्लाइड जड आणि रुंद करावी लागली आणि फ्रेमही आधीपेक्षा मजबूत करावी लागली, कारण नव्या काडतुसाचा धक्का जुनी रचना फार काळ सोसू शकत नव्हती. साठ वर्षांचा अनुभव, स्वतःचे नकाशे, स्वतःची धातुप्रयोगशाळा आणि चाचणीसाठी हवी तितकी पिस्तुले हाताशी असलेल्या कारखान्यालाही जे नळी बदलून साधले नाही, ते एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत लेथवर साधेल असे मानायला कसलाही आधार नाही.

जोरकस काडतुसाकडून कमजोर काडतुसाकडे जाताना तरी काम सोपे होते का? धोका कमी होतो, काम सोपे होत नाही. अमेरिकन सैन्याचे .४५ कॅलिबरचे कोल्ट पिस्तूल सरावासाठी स्वस्त .२२ काडतुसावर चालवावे, असा प्रयत्न १९३० च्या दशकात झाला. .२२ च्या गोळीचा संवेग .४५ च्या मानाने साधारण पाचवा हिस्सा. जड स्लाइड मागे ढकलायला तो पुरेना. शेवटी मार्शल विल्यम्स या यंत्रकाराने हलता चेंबर योजला. त्यात वायूचा दाब चेंबरच्या पुढच्या तोंडावरही काम करतो आणि स्लाइडला मिळणारा रेटा वाढतो. म्हणजे काडतूस कमजोर केले तरी यंत्राचा समतोल नव्याने मांडावा लागला आणि त्यासाठी एक स्वतंत्र शोध लागला.

रायफलींच्या इतिहासात याच म्हणण्याला घरचा पुरावा आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारतीय सैन्य .३०३ काडतुसाकडून ७.६२ × ५१ कडे वळत असताना ईशापूरने जुन्या ली-एन्फील्ड रचनेवर आधारित २-ए आणि पुढे २-ए-१ रायफल बनवली. दोन काडतुसांच्या गोळ्यांच्या व्यासात फरक जेमतेम एक दशांश मिलिमीटरचा. तेवढ्यावरून पाहिले तर जुनी रायफल नव्या नळीनिशी चालवता आली असती. तरीही ईशापूरने अधिक बळकट पोलाद वापरले, मॅगझिन नव्याने बनवले आणि बिनकडेच्या नव्या पुंगळीसाठी ओढणारी व फेकणारी यंत्रणा बदलली, कारण नव्या काडतुसाचा दाब जास्त होता आणि आकार वेगळा. एक दशांश मिलिमीटरच्या फरकामागे एवढे काम उभे राहिले, हे ध्यानात ठेवले तर कॅलिबर बदलण्याची भाषा करताना जीभ आपोआप सावध होते.

माळव्यातल्या मराठी वाचकाला मापाची ही शिस्त परकी वाटू नये. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. महादजी शिंद्यांनी बन्वा द ब्वान्य या युरोपीय सेनानीकरवी कवायती पलटणी उभारल्या, तेव्हा त्यांच्या बळाचे रहस्य कवायतीइतकेच कारखान्यांतही होते. आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका घडवल्या जात. तोफेचे माप गोळ्याच्या वजनावरून ठरे, म्हणजे तेव्हाही आधी गोळा आणि मग तोफ असाच क्रम होता. ओतशाळेत ओतलेला गोळा शेकडो मैलांवरच्या तोफेत नेमका बसला पाहिजे, सैल राहिला तर मारा वाया आणि घट्ट झाला तर तोफ फुटण्याची भीती, ही जबाबदारी एका मापाने साऱ्या फौजेवर टाकलेली असे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफा हस्तगत केल्या. त्यांतल्या पितळी तोफांचा दर्जा विजेत्यांनीही मान्य केला. तो दर्जा मापाच्या शिस्तीतून आला होता. कॅलिबर म्हणजे ओतणारा, पुरवणारा आणि डागणारा यांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे, हे शिंदेशाहीच्या कारखान्यांना ठाऊक होते.

आता क्रीडाक्षेत्राकडे वळू, कारण कॅलिबर बदलणाऱ्या पिस्तुलाचे सर्वांत शुद्ध रूप तिथे आढळते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २५ मीटर पिस्तूल प्रकारात ५.६ मिलिमीटरचे, म्हणजे .२२ लाँग रायफल काडतूस वापरतात. पुरुषांच्या सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या दरम्यानचे कॅलिबर लागते आणि बहुतेक नेमबाज .३२ स्मिथ अँड वेसन लाँग पसंत करतात. दोन्ही प्रकार खेळणाऱ्याला मूठ, चाप आणि दृष्टीरेषा तीच हवी असते. म्हणून जर्मनीच्या वाल्थरने जीएसपी आणि इटलीच्या पार्दिनीने आपली पिस्तुले अशी घडवली की तीच पकड आणि तोच चाप दोन्ही काडतुसांना लाभावा. जसपाल राणा यांनी १९९४ मध्ये हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सेंटर फायरचे सुवर्ण मिळवले आणि २००६ मध्ये दोहा येथे ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. उज्जैनपासून फार दूर नसलेल्या महू येथील सैन्याच्या नेमबाजी केंद्रात घडलेल्या विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचे रौप्य पटकावले. हा रॅपिड फायर प्रकार स्वतःच कॅलिबर-बदलाचा साक्षीदार आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत त्यात .२२ शॉर्ट काडतूस चालत असे. त्यानंतर नियम बदलून .२२ लाँग रायफल आले आणि जुन्या आखूड काडतुसाभोवती रचलेल्या पिस्तुलांची जागा नव्या पिस्तुलांनी घेतली.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. स्पर्धेचे पिस्तूल काही मिनिटांत एका काडतुसावरून दुसऱ्यावर जाते, मग एवढे अवडंबर कशाला? उत्तर असे की ती काही मिनिटे दिसतात, त्यामागची वर्षे दिसत नाहीत. त्या पिस्तुलात नळी, बोल्ट, स्प्रिंग आणि मॅगझिन असा पूर्ण संच बदलतो. तो संच त्याच कारखान्याने त्याच फ्रेमसाठी आखलेला असतो. युरोपातील चाचणीगृहात नियमापेक्षा जास्त दाबाचे काडतूस झाडून दाब सोसणारे भाग पारखले जातात आणि त्यांवर शिक्का उमटतो. शिवाय दोन्ही काडतुसे मवाळ जातीची निवडलेली असतात. नेमबाज करतो ती जोडणी, घडण आधीच पूर्ण झालेली असते. या दोन कृतींमध्ये गल्लत केली की स्पर्धेच्या पिस्तुलाचे उदाहरण चुकीच्या बाजूने साक्ष देऊ लागते.

दुसरा आक्षेप कायद्यावर आहे आणि तो हलका नाही. ९ × १९ चे पिस्तूल सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही, कारण ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. .३२ मात्र मिळते. मृत्यू घडवण्यात दोन्ही समर्थ असताना ही रेषा मनमानी नाही का, असे विचारले जाते. सैनिकी काडतूस नागरिकांपासून वेगळे ठेवण्याची कल्पना फक्त भारताची नाही. इटलीनेही दीर्घकाळ ९ × १९ नागरिकांना नाकारले, म्हणून तिथे दोन मिलिमीटर लांब पुंगळीचे ९ × २१ रूढ झाले. हेतू असा की सरकारी भांडारातून गळालेले काडतूस खाजगी शस्त्रात सहज चालू नये. ही रेषा कालबाह्य झाली असे कोणाचे मत असू शकते आणि त्यावर खुली चर्चा व्हायला हवी. पण रेषा वादग्रस्त आहे म्हणून ती लेथवर ओलांडावी, हे तर्कात बसत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ शस्त्र बनवण्याप्रमाणेच त्यात परिवर्तन करणे, दुरुस्ती करणे आणि त्याची चाचणी घेणे यांसाठीही परवाना मागते. कलम ६ मध्ये नळी आखूड करणे व नकली शस्त्राचे खरे करणे यांच्या जोडीला २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गाचे शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणे हेही घातले. त्याच दुरुस्तीने शिक्षा वाढून किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली. परिवर्तन म्हणजे निर्मिती, हे यंत्रशास्त्राचे सत्य कायद्याने आपल्या भाषेत मान्य केले आहे, असाच याचा अर्थ मी घेतो.

तिसरा आक्षेप कारागिरीच्या बाजूने येतो. शस्त्रे घासणे, जोडणे, घडवणे हे पिढीजात कसब असलेले शिकलीगरांसारखे समाज आपल्या भागात आहेत. धार जिल्ह्यातील सिंघाना, बडवानीतील उमर्टी, खरगोनमधील सिगनूर, बुऱ्हाणपूरमधील पाचोरी ही गावे गावठी पिस्तुलांच्या संदर्भात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या पोलिसांच्या कारवाईत वारंवार येतात. हाताने इतके बारीक काम करणाऱ्यांना गुन्हेगार ठरवून आपण एक विद्या मारतो आहोत, असे म्हटले जाते. या म्हणण्यातली वेदना खरी आहे. शिकलीगर समाजातील कारागिराला उद्योगाची दारे बंद ठेवून फक्त छापे टाकत राहणे हे धोरण म्हणून अपुरे आहे. परंतु गावठी पिस्तूल आणि प्रमाणित पिस्तूल यांतला फरक कारागिराच्या हातात शोधला तर सापडत नाही. तो पोलादाच्या प्रतीत, उष्णप्रक्रियेत, मोजमापाच्या साधनांत आणि दाबाच्या चाचणीत असतो. चेंबरमध्ये काडतूस बसले म्हणजे शस्त्र त्या काडतुसाचे झाले, ही समजूत तिथे जीवावर बेतते आणि पहिला बळी अनेकदा चाप ओढणाराच ठरतो. त्या कसबाला न्याय द्यायचा तर ते परवानाधारक उद्योगात आणि चाचणीगृहाच्या कक्षेत आणावे लागेल.

असा विषय पुस्तकात मांडावाच का, हा शेवटचा आक्षेप. माहिती चुकीच्या हाती गेली तर? या पुस्तकात कृती नाही. कोणता भाग किती कापावा, कोणती स्प्रिंग बसवावी, असे इथे काही मिळणार नाही, आणि ते सामान्य वाचकासाठी छापू नये असे माझे ठाम मत आहे. इथे कारणे आहेत. कारणे कळलेला परवानाधारक अर्धवट दुरुस्तीच्या वाट्याला जात नाही, जुने शस्त्र विकत घेताना नळीवरचा शिक्का आणि परवान्यावरची नोंद पडताळतो आणि .३२ म्हणून मिळालेले काडतूस आपल्या शस्त्राचेच आहे का हे पाहतो. नेमबाजीकडे येणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनाही या समजेची गरज आहे. अज्ञानाने शस्त्रे कमी होत नाहीत, फक्त अपघात वाढतात.

वर मांडलेल्या पुराव्यातून दोन मागण्या निघतात. पहिली, परवान्यावर बोअरच्या जोडीला काडतुसाचे पूर्ण नाव व माप लिहिले जावे. पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाच्या छत्राखालच्या खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत काडतुसाचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळले जाते. तेच काडतूस पुढे ज्या शस्त्रात जायचे त्याच्या कागदावर मात्र ढोबळ आकडा असावा, ही विसंगती दूर करणे अवघड नाही. दुसरी, मान्यताप्राप्त नेमबाजाने आणलेला कारखानानिर्मित कॅलिबर-बदल संच स्वतंत्र क्रमांकाने, चाचणीच्या शिक्क्यासह, त्याच परवान्यावर नोंदवण्याची सरळ आणि कालबद्ध वाट असावी. प्रामाणिक खेळाडूला ही वाट मोकळी आणि आडमार्गाने शस्त्र बदलणाऱ्याला पूर्ण बंद राहिली, तर कायद्याची कठोरता न्याय्य ठरेल. पुढची प्रकरणे यंत्र, काडतूस, क्रीडा आणि कायदा या क्रमाने जातात. वाचकाने प्रत्येक प्रकरणात दोनच प्रश्न हाताशी ठेवावेत: हे शस्त्र कोणत्या काडतुसासाठी घडवले, आणि ते कोणी तपासले? या दोन्हींची उत्तरे कागदावर आणि पोलादावर सारखीच सापडत नाहीत, तोवर ते पिस्तूल वापरायचे नाही.

माधव नगर, उज्जैन